डॉक्टर म्हणाल्या तसंच केलं!

दवाखान्यात औषधांचे रिकामे खोके साठतात, तसे किस्सेही साठतात. खोके आमची रिसेप्शनवरची शबाना रद्दीवाल्याला देऊन टाकते. किस्से कुणाला देणार? म्हणून मग कुणी चहाला बसलं, की मी सुरू होते!

गुलमंडीच्या बाजारामागच्या गल्लीत माझा दवाखाना आहे. तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत सगळे येतात. मी सल्ला देते, ते मान डोलावतात आणि घरी जाऊन त्या सल्ल्याचं आपल्याला हवं ते करतात. वर पुढच्या वेळी मलाच ऐकवतात, "तुम्ही म्हणाल्या तसंच केलं, मॅडम!"

* * *

जोशी सर गणिताचे रिटायर्ड मास्तर. त्यांना शुगर आहे, पण रिपोर्ट दर वेळी इतका सुरेख यायचा की मलाच संशय यायला लागला. एकदा काकू बोलून गेल्या, "टेस्टच्या आधी चार दिवस तेवढं कारलं, मेथी आणि भाकरी. बाकी वेळ जिलबी!"

"सर, हे काय ऐकतेय मी?"

"मॅडम, परीक्षेला अभ्यास करूनच बसायचं असतं!"

मग मी मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती दुसरी टेस्ट करायला लावली. आला खरा आकडा बाहेर! रिपोर्ट बघून सर कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

"अस्सं! म्हणजे तुम्ही वार्षिक परीक्षेत घटक चाचणीचेही मार्क धरता तर!"

जिलबी मात्र त्या दिवसापासून बंद झाली. मास्तर माणूस, नापास होणं सहन झालं नाही.

* * *

एका कापड दुकानदाराला मुतखड्याचा त्रास. मी नेहमीचंच सांगितलं, "पाणी भरपूर प्या. दिवसभर पीत राहा."

आमच्या शहरात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको.

"मॅडम," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "गोळ्या राहू द्या. चिठ्ठीवर एक टँकर लिहून द्या!"

* * *

बिडकीनचं एक शेतकरी जोडपं येतं. मुलगा तिथंच कंपनीत लागलाय, सगळं ठीक आहे, पण रावसाहेबांचं बीपी काही केल्या उतरेना. गोळी बदलून पाहिली, मीठ कमी केलं, तरी तेच. शेवटी विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"घेतो की. दोघं मिळून घेतो."

"दोघं मिळून?"

"आवो, हिचं बी डोकं दुखायचं. मग एका गोळीचे दोन तुकडे करतो. लगीन झाल्यापासून सगळं अर्धं-अर्धं खाल्लंय, आता गोळीच येगळी कशाला?"

मला हसावं की रडावं कळेना. मी मावशींच्या दंडाला पट्टा बांधला, तर त्यांचं बीपी रावसाहेबांपेक्षा जास्त!

"मावशी, तुमचं तर लईच वाढलंय!"

"व्हय," मावशी शांतपणे म्हणाल्या. "ते बी ह्यांच्याच्यानंच वाढलंय."

दोघांना वेगवेगळ्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, बाकी सगळ्याची वाटणी करा, हिची नाही.

* * *

असे सगळे शेवटी माझ्या हाताखालून जातात. एकच पेशंट हाती लागत नव्हता आणि तो माझ्याच घरात होता. माझ्या सासूबाई!

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. गल्लीत कुणी शिंकलं तरी आत्याबाई त्याला माझ्याकडे पाठवणार. "माझी सून लई हुशार डॉक्टर हाय" हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, गल्लीकडूनच कळतं. स्वतःला शुगर असून ती तपासायची म्हटली, की मात्र लगेच, "मला काय धाड भरलीय?"

यंदा अक्षय तृतीयेला मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे ओढून घेतले. "राहू दे, असाच आशीर्वाद हाय."

बघते तर पायात मोजे! बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, घरात कूलर घरघरतोय, आणि यांना मोजे!

"थंडी वाजती मला," म्हणाल्या.

शुगरवाल्या माणसाच्या पायाला जखम झाली, तर कित्येकदा त्याला ती दुखतही नाही. ती आतल्या आत चिघळते आणि मग पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. आत्याबाई चालताना डावा पाय जपून टाकत होत्या, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

"आत्याबाई, पाय दाखवा."

"सासूचे पाय पाया पडायला असतात, तपासायला नाय!"

नवऱ्याला मध्ये घातलं, त्यालाही दाद दिली नाही. मग दोन दिवसांनी माझा तोल सुटला. स्वयंपाकघरातूनच मी ओरडले, "कापायची वेळ आल्यावर दाखवणार आहात का?" आत्याबाई उठल्या, देवघरात जाऊन बसल्या, जेवायलाही उशिरा आल्या. मला फार वाईट वाटलं, पण भीती त्याहून जास्त होती.

* * *

त्याच आठवड्यात पाच वर्षांची परी तपासणीला आली. मागच्या वेळी मी तिच्या आईला सांगितलं होतं, जेवताना हिला मोबाईल देऊ नका.

"काय परी, आता मोबाईल न बघता जेवतेस ना?"

"हो. पण पप्पा बघतात." मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "त्यांना इंजेक्शन द्या ना. मी हात धरते!"

पप्पा शेजारीच बसले होते. हातातला मोबाईल त्यांनी असा काही खिशात टाकला की विचारू नका!

* * *

शबानाच्या अब्बांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा तर्रीदार रस्सा, बंद, असं मी त्यांना निक्षून सांगितलं होतं. महिन्याभरानं शबानाला विचारलं, "अब्बांनी सोडलं का गं मटण?"

"हाँ मॅडम, बोटी को हाथ भी नै लगाते," शबाना अगदी अभिमानानं म्हणाली. "सिरफ शोरबे में नान डुबाते!"

* * *

आणि हा सोमवारचा किस्सा.

दवाखाना तुडुंब भरलेला. शबानानं पुढचा नंबर पुकारला, दार उघडलं, आणि आत्याबाई आत आल्या. इस्त्रीचं लुगडं, हातात पिशवी. मागून शबाना कुजबुजली, "मैं बोली सीधे अंदर जाओ. माने नै. नंबर लगा के बैठे थे."

मी खुर्चीतून उठले. "आत्याबाई, तुम्ही इथं?"

"बसा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला अहो-जाहो! मग पेशंटच्या स्टुलावर बसल्या, पिशवी खाली ठेवली आणि डाव्या पायातला मोजा काढला.

अंगठ्याखाली जखम होती. नव्या चपलेनं झालेली असावी, कडा काळपट पडायला लागल्या होत्या. मी जमिनीवर बसले, पाय मांडीवर घेतला, सगळीकडून दाबून पाहिला. अजून खोल गेली नव्हती. बोटं उबदार होती, म्हणजे रक्त पोचत होतं. एवढं हायसं वाटायला लावणारा पाय मला आजवर कुणी दाखवला नसेल!

"पाय ऱ्हाईल का हो, डॉक्टर?" आवाज अगदी बारीक झाला होता.

"राहील. नक्की राहील. पण शुगरची गोळी चुकवायची नाही आणि रोज ड्रेसिंगला यायचं."

"येते की. नंबर लावून येते."

मी जखम साफ केली, पट्टी बांधली. आत्याबाई चप्पल घालून दारापर्यंत गेल्या, तिथं थांबल्या, बाहेरच्या गर्दीकडे एकदा बघितलं आणि माघारी येऊन माझ्या कानाशी वाकल्या.

"डॉक्टर, तेवढं आमच्या घरी सांगू नका. माझी सून लई ओरडती!"