एकदाच लागणारी मुलाखत

उल्हासनगरात कॉम्प्युटरचं दुकान घातलं की माल विकला जातो आणि किस्से उरतात. त्यात मी हौसेनं विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून मशिनं विकायचो, म्हणजे किस्स्यांची होलसेलच! कोर्स-बिर्स काही केला नव्हता. जे शिकलो ते गिऱ्हाइकाच्या मशिनवर.

*

बदलापूर गावातल्या गायकवाड काकू भीमगीतं गायच्या. परदेशातल्या एका इंटरनेट रेडिओवाल्यानं त्यांची फोनवर मुलाखत घेतली, गाणीही घेतली. रविवारी चारला लागणार, तेही एकदाच.

काकूंचा मुलगा मिलिंद दुकानात आला. "दादा, मशिनमधून जे वाजेल ते मशिनमध्येच रेकॉर्ड करायचंय. आईचं एकपण गाणं आमच्याकडे टेप केलेलं नाय."

"एवढंच ना?" मी म्हणालो. धंद्यात हे कधी बोलू नये!

*

पहिली ट्रायल मिलिंदनं घरी घेतली आणि सीडी घेऊन आला. लावली, तर गाणं लांबून आणि कुकरच्या शिट्ट्या जवळून! मशिन स्वतःचा आवाज सोडून माइकनं खोलीतला आवाज घेत होतं.

शेजारचे कापडवाले लच्छूशेठ कान देऊन उभे होते. म्हणाले, "साईं, गाना छोड़ो, दाल बढ़िया रेकॉर्ड हुई है!"

*

मग मी वायर दिली. एक टोक मशिनला स्पीकर लावतात त्या भोकात, दुसरं आवाज आत घेणाऱ्या भोकात, म्हणजे लाइन-इनमध्ये. बाहेर जाणारा आवाज पुन्हा आत. रेकॉर्डिंगमध्ये शुद्ध शांतता! स्वतः बदलापूर गाठलं. बघतो तर लाइन-इन म्यूट. नव्यानं टाकलेल्या लिनक्सवर असले आवाज मुळातच बंद असायचे, एकेक उघडावा लागायचा.

काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "नव्या सुनेसारखंच की! कोणीतरी बोल म्हणेपर्यंत गप्प."

*

रविवार. काकूंच्या घरी, काकांच्या हार घातलेल्या फोटोखाली, आळीतली वीसेक माणसं जमली. आता स्पीकरच्या भोकात वायर, मग स्पीकर कुठे लावणार? एकाचे दोन करणारी पिन माझ्याच दुकानात होती, आणि मी ती तिथंच विसरलो होतो!

"ऐकायचं की रेकॉर्ड करायचं?" मी विचारलं.

"रेकॉर्ड," काकू म्हणाल्या.

चार वाजले. खोलीत चिडीचूप. आवाजाची हिरवी पट्टी तेवढी स्क्रीनवर वरखाली होतेय आणि वीस माणसं तिच्याकडे बघतायत. पट्टी उंच गेली की काकू म्हणायच्या, "हे धृपद." खाली आली की, "आता तो बाबा विचारतोय."

मध्येच पट्टी पडली. सपाट. दहा सेकंद गेले, पंधरा गेले.

"दादा, गेलं!" मिलिंद ओरडला. रेकॉर्डिंग थांबवून परत चालू करावं म्हणून मी माउस धरला.

काकूंनी माझं मनगट पकडलं.

"हात लावू नका भाऊ. चालूय. इथं त्यानं ह्यांच्याबद्दल विचारलं होतं."

आणि पट्टी हळूहळू वर आली.