एकोणसत्तर चुली

धुळ्याच्या गल्ली नंबर चारमध्ये घरं किती, हे महापालिकेला विचारलं तर एक आकडा मिळतो, मतदार यादीला विचारलं तर दुसरा. खरा आकडा भिकुबाईकडे. पण ती घरं मोजतच नाही, चुली मोजते.

"भिंती मोजून काय करता भाऊ? एका भिंतीआड तीन जावा, तीन चुली, अन् तिघींचं एकमेकींशी बोलणं बंद. मोठीच्या दाराशी आवतन देऊन आलात तर धाकट्या दोघी काय जेवायला येतील? बोंबला!"

भिकुबाईचं काम आवतन देण्याचं. लग्न, बारसं, जाऊळ, वास्तुशांत, कोणाच्याही घरचं कार्य असो, हातात पितळी वाटी, वाटीत हळदीच्या अक्षता, आणि भिकुबाई निघाली. उंबऱ्यावर चिमूटभर अक्षता ठेवायच्या आणि स्पष्ट सांगायचं, घरटी एक की चूलबंद. घरटी एक म्हणजे एकाच माणसाने यायचं. चूलबंद म्हणजे अख्खं घर जेवायला, त्या घरची चूल आज पेटणार नाही. हे झालं सकाळचं आवतन. मग पंगत मांडली की दुसऱ्यांदा दारोदार जाऊन बोलावणं, "चला, पानं वाढली." या दुसऱ्या हाकेशिवाय गल्लीतला एक माणूस जागचा हलत नसे. पोटात कावळे ओरडत असले तरी ओट्यावर बसून राहील, पण आपणहून जाणार नाही. आम्ही काय उपाशी आहोत का?

चाळीस वर्षं हे काम केलं तिने. आता सदुसष्टची झाली. सासूकडून वाटी आली, तशी गल्लीची सगळी भांडणंही वारशात आली. कोणाच्या घरात वाटणी झाली हे कोर्टाच्या आधी भिकुबाईला कळायचं, कारण तिला लगेच एक चूल वाढवावी लागायची.

आणि गंमत बघा, या बाईला स्वतःला कधी कोणी आवतन दिलं नाही. देणार तरी कोण? ती कार्याच्या घरी पहाटेपासून हजर. सगळे जेवून हात धुवून गेले की मागच्या पडवीत तिचं पान. "भिकुअक्का घरचीच आहे," असं सगळे म्हणायचे. हे वाक्य ऐकलं की भिकुबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरची म्हणे! उंबऱ्यावर आपल्यासाठी कोणी यावं, आपण दोनदा "बघते, जमलं तर" म्हणावं आणि मग पदर सावरत निघावं, एवढीच तिची हौस. ती चाळीस वर्षं तशीच राहिली. पुढे मोबाइलवर पत्रिका यायला लागल्या आणि वाटी फडताळात गेली.

अशात अर्हमने ही 'धुळ्याची शान' काढली. अर्हम हा गल्लीतल्या भिकमचंद शेठचा नातू. कापडाचं दुकान आजोबा सांभाळतात, हा संस्कृती सांभाळतो. शहरातल्या गुणी माणसांना लोकांच्या मतांवर पुरस्कार, आणि सगळं मतदान मोबाइलवर. 'जिवंत वारसा' या विभागात त्याने भिकुबाईचं नाव टाकलं. तिच्यासमोर होते मोबाइलवरच्या पत्रिका बनवणारे प्रेमराज. ज्याने तिची वाटी फडताळात घातली तोही वारसा, आणि तीही वारसा. पाचामुखी परमेश्वर, दुसरं काय!

अर्हम कॅमेरा घेऊन घरी आला.

"अक्का, गल्लीत एकूण चुली किती?"

"एकोणसत्तर," भिकुबाई झोपेतून उठवलं तरी सांगेल तशी म्हणाली. "चाळीस वर्षांत एक चूल चुकली असेल तर नाव बदलून ठेव. तुझ्या बारशालाही तेव्हा होत्या तेवढ्या साऱ्या चुलींना मीच अक्षता ठेवल्या होत्या, अर्हमशेठ."

कॅमेऱ्यामागे तिची सून दिपमाला उभी होती. तिने मान वर करून सासूकडे एकदा पाहिलं आणि चहाचे कप उचलून आत गेली.

दिपमालाला या घरात येऊन अठरा वर्षं झाली. नवरा नवल भुसावळला रेल्वेत, रविवारचा रविवार घरी. घरात सासू आणि सून दोघीच, आणि त्यातली एकच बोलणारी. भिकुबाईचं म्हणणं, मत मागायला आपण काही निवडणुकीला उभ्या नाही. गल्ली ओळखते, गल्ली देईल. गल्लीने दिलीही मतं, पण कशी? दिपमाला रोज दुपारी भांडी आवरून दारोदार जायची. म्हाताऱ्यांचे चष्मे शोधून द्यायची, त्यांच्याच मोबाइलवर आलेला नंबर त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची, चुकला तर पुन्हा मागवायची. तीन आठवडे बाईने हेच केलं. निकाल लागला. भिकुबाईला चारशेंवर मतं, प्रेमराज दीडशेंनी मागे.

"बघितलं?" भिकुबाई सुनेला म्हणाली. "काही मागायला जावं लागलं?"

"नाही," दिपमाला म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सहाला, गल्लीच्या टोकाशी असलेल्या सभागृहात. निमंत्रण दिपमालाच्या मोबाइलवर आलं. फुलं पडणारी पत्रिका, मागे सनई. भिकुबाईने ती दोनदा वाजवून घेतली.

"हे झालं आवतन," ती म्हणाली. "बरं आहे, चालवून घेऊ. आता बोलावणं येईल."

शनिवारी पाचपासून ती मोरपंखी पातळ नेसून ओट्यावर बसली. फडताळातली वाटी तिने घासून अक्षतांनी भरून घेतली होती, स्टेजवर दाखवायला. सहा वाजले. सव्वासहा झाले. सभागृहाच्या भोंग्यावर सनई वाजत होती. दिपमालाही नवी साडी नेसून तयार होऊन आतून डोकावून गेली.

"अक्का, जायचं का? पावलावर तर आहे."

"वेडी का तू? बोलावण्याशिवाय? आज तरी मला उंबऱ्यावरून नेऊ दे कोणी."

साडेसहाला अर्हम पळत आला. कुर्ता घामाने भिजलेला. भिकुबाईने पदर सावरला आणि इतक्या वर्षांची पाठ केलेली वाक्यं तोंडाशी आणली, "बघते, जमलं तर."

"अक्का, मेलो! हॉल रिकामा आहे. सहाशे खुर्च्या आणि पस्तीस माणसं, त्यात बारा मांडववाले. पाहुणे अर्ध्या तासात येतायत. सगळ्यांनी मोबाइलवर अंगठे दाखवले होते हो!"

मत द्यायला अंगठा पुरतो, यायला पाय लागतात. हे अर्हमला कोणी शिकवलं नव्हतं.

"अक्का, तुम्हीच काही तरी करा. तुमच्याशिवाय गल्ली हलायची नाही."

भिकुबाई फणफणली. हा मेला न्यायला नाही, कामाला लावायला आला! मनात आलं, सांगावं याला, घाल तुझ्या खुर्च्या चुलीत. पण समोर पोरगं रडकुंडीला आलेलं, आणि हातात भरलेली वाटी. हाताची सवय कुठली सुटते? ती उठली.

मग गल्ली चारने बऱ्याच वर्षांनी ती हाक ऐकली. "चला होऽऽ, बोलावनं शेऽऽ!" मोरपंखी पातळातली म्हातारी एका उंबऱ्यावरून दुसऱ्यावर झपाझप, प्रत्येक चुलीला चिमूटभर अक्षता. कोणी विचारलं, कार्य कोणाचं, तर ती म्हणायची, "भिकमचंद शेठच्या घरचं." स्वतःच्या सत्काराला स्वतःच आवतन द्यायचं म्हणजे जनाची नाही तरी मनाची हवी ना! एका दारात तीन जावा होत्या, तिघींना वेगवेगळं सांगितलं. टीव्ही बंद झाले, चपला सापडल्या, पोरांची तोंडं पुसली गेली. चार आटोपून ती पाच नंबरमध्ये शिरली. पाऊण तासात गल्ल्या ओस पडल्या आणि सभागृहात उभं राहायला जागा उरली नाही.

सगळ्यांच्या मागून भिकुबाई पोचली. पायऱ्यांपाशी चपलांचा ढीग पडलेला. ती तिथेच थांबली. आवतन देणारी बाई पंगतीच्या वेळी दाराशीच थांबते, घरच्यांनी हाक मारली की मग आत. आत पाहुण्यांचं भाषण रंगलं होतं. "आवतन! काय थोर शब्द आहे! माणसाने माणसाच्या दारी जाणं, हीच आपली संस्कृती!" टाळ्यांचा कडकडाट झाला. भिकुबाईनेही दोन वाजवल्या. हाक काही आली नाही.

लोक बाहेर पडायला लागले तेव्हा अर्हम सापडला.

"अक्का! अहो, तुम्ही इथे? झालं की तुमचं! पाहुण्यांना पुढे शिंदखेड्याला जायचं होतं, म्हणून तुमचं आधी उरकलं. नाव दोनदा पुकारलं. मग तुमच्या वतीने मीच घेतला. गर्दी मात्र काय झाली, मानलं तुम्हाला!" त्याने कापडाच्या दुकानाची पिशवी तिच्या हातात दिली. आत काचेचं सन्मानचिन्ह होतं, चांगलं जड.

भिकुबाई पिशवी घेऊन घराकडे निघाली. रडू यायचं ते रागाने अडून बसलं होतं. राग कोणावर काढायचा हेही तिने वाटेतच ठरवलं. ओट्यावर दिपमाला बसलेली, नवी साडी तशीच, गजरासुद्धा.

"सारी गल्ली आली अन् तू घरात? सासूचा सत्कार डोळ्यांत खुपला का तुझ्या?"

दिपमाला फारशी बोलत नाही. बोलली तर माहेरच्या बोलीत बोलते.

"माले कोन्ही आवतन दिन्हं नही, अक्का," ती म्हणाली. "बठ्ठी गल्ली बलाई तुम्ही. मना दारवरथून दोनदाव गयात."

"अगं, तू तर घरची..." आणि तोच शब्द भिकुबाईने आपल्याच तोंडून ऐकला.

ती खालीच उभी राहिली. वाटीत पाहिलं. तळाशी चिमूटभर अक्षता उरल्या होत्या. नेहमीच उरायच्या. चाळीस वर्षं तिला वाटायचं, आपण मोजूनमापून घेतो, वर एक चिमूट असावी म्हणून. मतं गोळा करत दारोदार फिरलेली पोर अठरा वर्षं या ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या दारातली हाक ऐकत होती, आणि चुली मोजणारीला ती दिसली नव्हती.

"सत्तर शेतस," भिकुबाई म्हणाली.

"काय?"

"चुली. एकोणसत्तर नही, सत्तर शेतस."

तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि दोन पायऱ्या चढून स्वतःच्या उंबऱ्यावर, जन्मात पहिल्यांदा, अक्षता ठेवल्या. मग पुन्हा खाली उतरून परक्या दारी उभं राहावं तशी उभी राहिली. एकदा खाकरली.

"दिपमालाबाई, आवतन शे. आज आपलाच घर जेवन शे. चूलबंद."

दिपमालाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"चूलबंद? मंग सयपाक कोन करी?"

"मी," भिकुबाई म्हणाली, आणि पदर खोचत आत गेली.