चपटा ट्रफल

आज भाची माझ्या ओट्यावर कोकोचा डबा उघडून बसली, आणि त्या कडवट वासाबरोबर वैशाली नगरचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं.

ताईला पाहायला दुर्गहून पाहुणे येणार होते. पोहे सगळेच करतात, म्हणून तिनं चॉकलेट ट्रफल ठरवले. गरम मलईत विरघळवलेलं चॉकलेट फ्रिजमध्ये घट्ट झालं, पण गोळी वळायला घेतली की ताईच्या गरम तळव्यांत पाघळायची.

"तुझे हात थंडे हायेत, तूच कर न वं," ती म्हणाली.

बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवत मी बाकीचे ट्रफल वळले आणि कोकोत घोळवले. ताईच्या हातून एकच झाला, तोही चपटा.

पाहुण्यांना तिनं "मीच केले" सांगितलं. त्याचं मला काहीच वाटलं नाही, त्यासाठीच तर खपले होते. पण मुलाच्या आईनं नेमका तो चपटा उचलला. "हा असा कावून?"

"तो हिनं केला," ताई हसत म्हणाली. "हिले काहीच जमत नाही."

सगळे हसले. मीही हसले. लग्न ठरलं.

आज ताईच्या लेकीला मदत करायला मी हात पुढे केला, तर ती म्हणाली, "मावशी, रहने दो. मम्मी म्हणते, तुमाले हे जमत नाही."

तिच्या तळव्यात गोळी पाघळून राहिली होती. बर्फाच्या पाण्याचं मी तिला सांगितलं नाही.