एकही गोल न केलेली सुनंदा

सुनंदाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर रुसले होते. आदल्या संध्याकाळीच आमचं वाजलं होतं. ती म्हणाली, "तू मैदानाच्या लाइनीवर उभी राहून 'मार, मार' म्हणून बोंबलत नको जाऊ वं. पोरी भांबावतात." मी फोन ठेवून दिला. म्हटलं, बस आता दोन दिवस अशीच. आणि सकाळी भाऊ सांगतोय, ताई झोपेतच गेली... मला आधी रडू नाही, संताप आला. भांडण अर्धवट टाकून जायची ही कुठली रीत?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जळगाव जामोदच्या आमच्या शाळेच्या मैदानावर, जिथे गवत कमी आणि ढेकळं जास्त, तिथे खेळलेली ही मुलगी पुढे भारताच्या महिला फुटबॉल संघात खेळली. मधल्या फळीत, आठ नंबर घालून, कितीतरी वर्षं! शाळेच्या संघात मी गोलकीपर होते, कारण मला पळायचा कंटाळा. माझ्याकडे चेंडू फारसा यायचाच नाही. सुनंदा तो अर्ध्या मैदानातच काढून घ्यायची. मला मात्र वाटायचं, मी फार भारी गोलकीपर आहे.

तिची एक खोड होती. चेंडू पायाशी येण्याआधी ती मान वळवून दोनदा मागे बघायची, कोण कुठे आहे ते. ही खोड अंगात इतकी मुरली की तिला पाहायला पाहुणे आले तेव्हा चहाचा ट्रे हातात घेतानाही बाईनं दोनदा मागे वळून पाहिलं. पाहुण्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं! "पोरीचं मन दुसरीकडे दिसते," असा निरोप आला. तिच्या घरात कुणी कुणाशी बोलेना, आणि ही माझ्याकडे येऊन पोट धरधरून हसली, कारण पुढच्याच आठवड्यात भारतीय संघाचं शिबिर होतं. तिथून जी गेली ती आम्हाला पेपरातल्या फोटोतच दिसायची. तीही कडेला, अर्धी कापलेली. मधे गोल करणारी असायची ना!

खेळणं थांबवून ती परतली तेव्हा गावानं सत्कार ठेवला. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. माइक दिसला की मला राहवत नाही. जो तो मला एकच विचारत होता, "किती गोल मारले तिनं?" आणि खरं उत्तर होतं, एकही नाही. मला ते सहनच होईना. भारताकडून खेळून आलेली माझी मैत्रीण, आणि तिच्या नावावर शून्य? मी माइकवर ठोकून दिलं, "देशासाठी दोन गोल!" काय टाळ्या पडल्या! शिट्ट्यासुद्धा. तेवढ्यात सुनंदा उठली, माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाली, "दोन नाही, एकबी नाही. मी मधात खेळत होती. गोल मारणाऱ्या पोरीले बॉल नेऊन देणं, हे माह्यं काम होतं." मागून कुणीतरी ओरडलं, "मंग इतके वर्ष केलं काय?" सगळा मांडव हसला.

मी तिला फुकटात दोन गोल दिले आणि तिनं ते भर सभेत माझ्या तोंडावर परत केले! वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही. चूक माझीच आहे हे तेव्हाही कळत होतं, म्हणून तर राग जास्त.

शेवटी तीच आली. गावातल्या मुलींचा संघ उभा करत होती. "चाल मैदानावर," म्हणाली. प्लास्टिकच्या खुर्चीवर मला बसवलं. "अर्धा तास बॉलकडे पाहू नको. फक्त त्या आठ नंबरच्या पोरीले पाह्य." सोपं वाटतं? करून बघा! डोळे आपोआप चेंडूमागे पळतात. शेवटी बाईनं माझी हनुवटीच धरून ठेवली... आणि मग दिसायला लागलं. ती पोर चेंडू यायच्या आधीच रिकाम्या जागी पोचत होती. समोरच्या दोघींना आपल्यामागे ओढून नेत होती, आणि त्या गेल्या की तिसरीकडे अख्खी वाट मोकळी... अरे देवा! मी खुर्चीवरून ताडकन उठले.

"हे तू करत होतीस?"

"हाव. इतके वर्ष हेच केलं."

लहानपणापासून जिच्या मागे उभी राहून मी खेळले, तिचा खेळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. इतकी लाज वाटली, आणि इतका आनंदही झाला, की काय सांगू! त्यानंतर पोरींच्या जर्सी, डबे आणि एसटीची तिकिटं हे सगळं माझ्याकडे आलं.

ती गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात संग्रामपूरला सामना होता. पोरी खेळायला तयार नव्हत्या. मी कशाबशा नेल्या. एक-एक अशी बरोबरी, शेवटची दोन-चार मिनिटं, माझा जीव नुसता वर-खाली. आठ नंबरनं दोघींच्या मधून चेंडू असा अलगद सरकवला, डावीकडची पोर सुसाट धावली आणि... गोल! सगळ्या जणी तिच्या अंगावर झेपावल्या. मीही धावले, साडी सावरत, थेट मैदानात, पण उलट्या दिशेनं. मधोमध आठ नंबर एकटीच गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभी होती. मी तिला घट्ट मिठी मारली आणि तीन आठवडे न आलेलं रडू तिथे आलं. पोर बिचारी गोंधळली.

"मावशी, गोल म्या नाही मारला. तिनं मारला."

"मले मालूम हाय," मी म्हटलं. "म्या पाह्यलं."