काळ्या जागेवरून उचललेलं बोट

प्रवासात शेजाऱ्याच्या मांडीवर डोकावायची माझी सवय वाईटच. बारामतीहून भिगवणमार्गे इंदापूरला जाणाऱ्या एसटीत शेजारी बारामतीजवळच्या जळोचीची एक तरुणी बसली होती. तिच्या लॅपटॉपवर पांढरी-काळी चित्रं होती. मी विचारलं, "ढग का गं?"

"न्हाय काका, ध्रुवाजवळचा समुद्र हाय. तिकडं सध्या दिवस उगवतच न्हाय. उपग्रह वरनं लहरी सोडतो. खडबडीत बर्फावरनं त्या माघारी येतात, तितं पांढरं दिसतं. शांत पाण्यावरनं माघारी काय येत न्हाय. ते काळं."

बर्फाचा एक तुकडा ती महिनाभर रोज बघत होती. तिनं बोटानं त्याची वाट दाखवली. मधे काळी जागा आली की ती बोट उचलायची आणि पलीकडं नेऊन टेकवायची. कालच्या चित्रात तो तुकडा होता. आजच्या चित्रात त्या जागी काळं होतं.

"फुटला असेल," मी म्हणालो.

"आसंल. पर काळं म्हंजे तितं काय न्हाय, आसं न्हाय काका. आपण हाक मारतो आन् तितनं ओ येत न्हाय, एवढंच."

पळसदेवजवळ उजनी धरणाचं पाणी दिसलं. वारा पडला होता, पाण्यावर सुरकुतीही नव्हती. तिनं लॅपटॉप मिटला, चपला काढल्या आणि दोन्ही पाय सीटवर घेतले.

"धरणात गेलेलं आमचं जुनं गाव ह्याच्याखाली हाय. त्येला पाय कसा लावायचा?" ती म्हणाली.

मला हसू यायला हवं होतं. रस्त्यापासून पाणी चांगलं लांब होतं. तरी ते मागं पडेस्तोवर मीही पाय वर घेऊनच बसलो.