सिंकची गळती आणि चिमूटभर कुंकू

शुक्रवार, सकाळ. स्थळ: कुवेत, अब्बासिया, आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, माझे यजमान, इमारतीचा रखवालदार म्हणजे हारिस, आणि भाऊजी. गैरहजर: पाणी, कारण मुख्य कॉक भाऊजींनी आल्या आल्या बंद केला होता.

कुवेतमधलं तेल आमच्या भाऊजींना विचारल्याशिवाय पाइपातून पुढे सरकत नसावं, अशी माझी खात्री आहे. भाऊजी म्हणजे यजमानांचे सहकारी, मूळचे नाशिकचे, रिफायनरीत वेल्डिंग तपासणारे. आमच्याकडे जेवायला आले की आधी कुकरची रिंग बघणार, मग ताट. एकदा गणपतीत मी वळलेल्या मोदकाकडे बोट दाखवून म्हणाले, "वहिनी, हा गळणार." मी दुर्लक्ष केलं. उकडल्यावर नेमकं त्याच मोदकातलं सारण चाळणीभर झालं होतं.

नवं सिंक बसवूनही खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येतच होती. हारिसने बजावलं होतं, "मदाम, एक बूंद और गया, तो मालिक बोला, फ्लॅट खाली करो." मुलगी बारावीला. अशा वर्षी घर कुठे शोधायचं? भाऊजींनी आदल्या दिवशी सिंकच्या कडेचं प्लंबरचं सिलिकॉन खरवडून काढलं, माझ्या हेअर ड्रायरने कड वाळवली आणि नवं सिलिकॉन साबण लावलेल्या बोटाने असं फिरवलं, की केकवाल्याने बघत राहावं. ते सुकेपर्यंत आम्ही भांडी बाथरूममध्ये घासली.

आता परीक्षा. ओट्याखाली त्यांनी टाल्कम पावडर पसरली, मुख्य कॉक उघडून सिंक भरलं आणि देव्हाऱ्यातलं कुंकू पाण्यात कालवलं.

"अहो भाऊजी, देवाचं कुंकू आहे ते!"

"असू दे. साधा थेंब लपतो वहिनी, लाल लपत नाही. रिफायनरीत असंच करतो."

बूच काढलं. चौघांची डोकी ओट्याखाली. पांढऱ्यावर एक लाल ठिपका उमटला, आणि नातू झाल्यासारखे भाऊजी ओरडले, "सापडला!" कडेचा दोष नव्हताच, खालच्या पाइपातला वॉशर उलटा बसला होता. त्यांनी तो फिरवला, पावडर बदलली, पुन्हा पाणी सोडलं. पांढरं पांढरंच राहिलं. हारिस खाली धावला आणि तासाभराने पुन्हा बघून आला. "नाशिफ, मदाम!" कोरडं. मी तिथेच फरशीवर बसले.

मुलीची परीक्षा याच घरातून झाली. भाऊजी निवृत्त होऊन नाशिकला गेले. आता बाथरूमच्या बेसिनची कड सुटली आहे. फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "प्लंबरला हात लावू देऊ नका. मी येतोच."

ते येणार नाहीत, हे त्यांना माहीत आहे, मलाही. प्लंबरला अजून बोलावलेलं नाही.