करोंदला द्यायचं पत्र

सुमित्राबाई हिवाळे यांच्याकडे आमच्या चर्चच्या मंडळीची चिटणिशी एकतीस वर्षं होती, आणि तेवढ्या काळात त्यांच्या हातून एक कागद गहाळ झाला नाही. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी त्या अहमदनगरहून भोपाळला आल्या, मग स्वतः सरकारी कचेरीत टायपिस्ट झाल्या. फाइल दाबून ठेवणाऱ्या बाबूंबद्दल त्या जे बोलत, ते रविवारी बोलण्यासारखं नसे. मी त्यांना मावशी म्हणते. उपासनेत पेटी मी वाजवते, आणि त्यांचा मला धाक होता हे कबूल करते.

आमची मंडळी मराठी ख्रिस्ती, लहानशी, काँग्रिगेशनल परंपरेची. म्हणजे आमच्यात बिशप नाही, वरून हुकूम येत नाही. सभासद हात वर करतील तेच होतं. ऐकायला छान वाटतं. पण हात मोजताना कोण कोणाच्या विरोधात गेलं, तेही सगळ्यांना दिसतं. अकरा वर्षांपूर्वी मावशींच्या मुलाने, आशयने, महिन्यातल्या दोन उपासना हिंदीत घ्या असं सुचवलं. आमच्या पोरांना मराठी धड वाचता येत नव्हतं, आणि शेजारपाजारचं कोणी आलंच तर दारातून परत जायचं. बाजूने नऊ हात, विरोधात दहा. दहावा हात मावशींचा होता. पुढच्या रविवारपासून आशय आला नाही. तो भोपाळमध्येच, शहराच्या दुसऱ्या टोकाला करोंदला राहायला गेला आणि तिथल्या एका हिंदी मंडळीत जाऊ लागला.

दर जानेवारीत आम्ही सभासदांची यादी मोठ्याने वाचतो. आशयचं नाव आलं की मावशी स्वतःच म्हणत, "परगावी." करोंद परगाव कधीपासून झालं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

गेल्या वर्षी मंडळी बंद पडायची वेळ आली. उपासना चालवायला पाळक नव्हते आणि उपासनेला जेमतेम बारा जण उरले होते. केदार नावाचा एक तरुण पाळक यायला तयार झाला, पण पाळकाला बोलावणं धाडायचं तर निम्मे सभासद सभेत हवेत, आणि यादीत नावं सदतीस. त्यातली निम्मी माणसं कबरस्तानात, बरीचशी पुण्या-नाशिकला. यादी छाटल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आमचा रिवाज असा, की जिवंत माणसाला विचारल्याशिवाय त्याचं नाव खोडायचं नाही. मी आणि मावशींनी आठवडाभर फोन केले, दारं वाजवली. शेवटी एकच नाव उरलं, आशयचं. याला न विचारता नाव तसंच राहू दे, असं मावशी म्हणाल्या. मग बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? मला भयंकर राग आला, आणि त्या रागातच मी करोंदची रिक्षा ठरवली.

आशय धान्य मंडीजवळ वजनकाटे दुरुस्त करतो. त्याने आम्हाला बसवलं, चहा मागवला, आईच्या पाया पडला आणि मग माझ्याकडेच बघून बोलत राहिला. यादीत नाव ठेवायचं का, असं मी विचारलं तेव्हा तो हसला. कसलं हसणं ते. आमची मंडळी सोडली त्याच आठवड्यात त्याने बदलीचं पत्र मागितलं होतं. म्हणजे मतदानानंतरच्या त्या आठवड्यात, अकरा वर्षांपूर्वी. वर्षाने पुन्हा एकदा लिहिलं. आमच्यात एका मंडळीतून दुसरीत जायचं तर जुन्या मंडळीने हात वर करून तसं पत्र द्यावं लागतं. ते न मिळाल्यामुळे करोंदला तो अजून सभासदच नव्हता. भाकर आणि द्राक्षारसाच्या प्रभुभोजनाला बसत नव्हता. मुलीचा, जुईचा, बाप्तिस्मा अडला होता आणि ती आता दहा वर्षांची होती. तिथले पाळक म्हणाले होते, पत्र नसेल तर नव्याने विश्वासात आलो असं जाहीर कर. ते त्याने साफ नाकारलं होतं.

"मी काय आत्ता विश्वास ठेवायला लागलो? बचपनपासून तुमच्यातच वाढलो ना," तो म्हणाला. "इतकी सालं मी इथे पाहुण्यासारखा पीछे बसतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला पत्र नाकारलंत."

असं कोणतंही पत्र आमच्यासमोर कधी आलं नव्हतं. मी मावशींकडे पाहिलं.

"सगळ्यांनी नाही," मावशी म्हणाल्या. "मी एकटीने. तुझी दोन्ही पत्रं माझ्या कपाटात आहेत."

आशय उठून दुकानाच्या आत गेला, तो आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही. रिक्षात मावशी सांगत होत्या, की राग उतरला की येईल असं वाटलं होतं. पत्र दिलं असतं तर तो कायमचा गेला असता. मी एका शब्दाने त्यांचं समाधान केलं नाही. आज वाईट वाटतं, पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती दहा वर्षांची पोर होती.

पुढच्या सभेत मावशींनी दोन्ही पत्रं तारखांसकट वाचून दाखवली, आपण ती दाबून ठेवली असं सांगितलं आणि चिटणिशी सोडली. मग आशयच्या पत्रावर हात मोजले. पहिला हात मावशींचा होता. तेरा नावांच्या यादीवर केदारला बोलावणंही गेलं, आणि हिंदी उपासनेचा ठराव एकमताने पास झाला. हे अकरा वर्षांपूर्वी झालं असतं तर, असं प्रत्येकाच्या मनात आलं असणार. तयार पत्र घेऊन जाशील का, असं मावशींनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. त्या एकट्या बस पकडून गेल्या.

जुईचा बाप्तिस्मा ईस्टरनंतर झाला. आशयने आईला बोलावलं नव्हतं; तारीख जुईने फोनवर सांगितली. मावशी आणि मी शेवटच्या बाकावर बसलो. बाप्तिस्मा झाल्यावर तिथल्या पाळकांनी हिंदीत सांगितलं, की या मुलीला विश्वासात वाढवायची जबाबदारी जे सभासद घेतात, त्यांनी उभं राहावं. सगळे उभे राहिले. आम्ही पाहुणे, आम्हाला तो हक्क नव्हता. एरवी नियमावर बोट ठेवणाऱ्या मावशी पुढच्या बाकाला धरून उठल्या. आशयने वळून पाहिलं. कोणी त्यांना खाली बसवेल की काय, अशी मला भीती वाटली. आशय जुईच्या कानाशी वाकला, आणि जुई सगळ्यांसमोरून चालत मागे आली, आजीचा हात धरून तिला पुढे घेऊन गेली.